बाहेरून उघडणारी कडी

९ जानेवारी

औषधाच्या दुकानदारानं नव्या वर्षाची डायरी फुकट दिली होती. इतके दिवस टेलिफोनखाली पडून होती. आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा फोन आला. आधी हवापाणी, मग माझी तब्येत, मग पुन्हा हवापाणी. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर काढली आहे. समोरचा घुटमळतोय हे मला त्याच्या ‘हॅलो’वरूनच कळतं. म्हटलं, बाबा, मुद्द्याचं बोल. तर म्हणाला, "मावशी, आई म्हणते, तुझ्याकडे खाली संडास असता तर ती आली असती तुझ्याकडे राहायला."

राहायला! चार दिवस पाहुणी म्हणून नव्हे, राहायला.

तसं आमचं ठरलेलंच आहे. मी लग्न केलं नाही, ताईचे यजमान लवकर गेले. तेव्हाच ठरलं होतं की म्हातारपणी दोघींनी माझ्या घरात राहायचं आणि मनसोक्त भांडायचं. मग तिला नातवंडं झाली, मग तिचा खुबा मोडला, आणि ठरलेलं तसंच राहून गेलं. मीही विषय काढणं सोडलं. कितीदा विचारायचं माणसानं?

संडास वरच्या मजल्यावर आहे, माझ्या झोपायच्या खोलीला लागून. खाली स्वयंपाकघराला लागून नुसतं बाथरूम आहे, आणि त्यात धुण्याचं मशीन आणि जगभरची अडगळ. त्याचा संडास करायचा, एवढंच ना? मग झालं तर.

१३ जानेवारी

सकाळी टेप घेऊन बाथरूम मोजलं. कमोड बसेल, छोटं बेसिन बसेल, वर स्टुलावर बसून बादलीभर पाण्यानं अंघोळ करता येईल एवढी जागा उरेल. मशीन जिन्याखाली जाईल.

लगेच ताईला फोन लावला. म्हणाली, "कशाला गं ठमे एवढा खटाटोप?" सबंध जगात मला ठमी म्हणणारी ती एकच उरली आहे. मी म्हटलं, खटाटोप कसला, तू फक्त बॅग भर. त्यावर तिनं विचारलं काय, तर जिन्याचा कठडा अजून हलतो का. घ्या! हिला जिना चढायचाच नाही, तर कठड्याची चौकशी कशाला?

गेल्या वर्षी मी जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या एकदम उतरले, ते तिनं अजून मनात धरलं आहे. सकाळी पडले ती संध्याकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच बसून होते. हा किस्सा मी तिला विनोद म्हणून सांगितला होता. ती हसली नव्हती. तेव्हापासून डावा गुडघा रुसला आहे, तेवढंच. वरखाली कमी करावं लागावं म्हणून दुपारी चारनंतर मी पाणी पीत नाही. सवय झाली की काही वाटत नाही. हेही तिला कधीतरी सांगून बसले. बोलण्याच्या भरात माणूस काय काय सांगून जातं.

पूर्वी ती इथून परत गेली की घरी पोचल्यावर एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. उचलायचं नाही. पैसे पडायचे नाहीत आणि निरोप पोचायचा. एक्स्चेंजमधल्या बाईला ही चोरी शोभत नव्हती, पण ती एक रिंग वाजल्याशिवाय मला झोप येत नसे.

२२ जानेवारी

नमनालाच घडाभर तेल. मला वाटलं होतं, मिस्त्रीला बोलवायचं आणि काम सुरू करायचं. मिस्त्री म्हणाला, संडास नव्यानं करताय तर नगरपालिकेच्या बांधकाम खात्याची परवानगी लागेल. नकाशा दिला, अर्ज दिला, आणि आज त्यांचा तपासनीस घर बघायला आला. पेन्सिलीसारखा सरळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. चहा नको म्हणाला. पाणी नको म्हणाला. मी मनात त्याचं नाव नियमसाहेब ठेवून टाकलं.

नियमसाहेबांचं म्हणणं असं. संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडता कामा नये. मधे छोटा बोळ पाहिजे आणि त्याला आणखी एक दार पाहिजे. हवा बाहेर टाकणारा पंखा पाहिजे, तो उघड्यावर, दुसऱ्या खोलीत नाही. पाइपाला पुरेसा ढाळ पाहिजे. मैला दोन घरांमधल्या गल्लीतल्या चेंबरला जाणार, म्हणून शेजाऱ्याची संमती पाहिजे. आणि संडासाचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, त्याची कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

बोळाची भिंत जिथे येणार तिथे माझं जेवायचं टेबल आहे. भिंतीला लावलेलं, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रांची रद्दी ठेवते. टेबल हलवावं लागेल. हलवू. दोघी मांडीवर ताट घेऊन जेवू, काय बिघडतं?

निघताना त्यानं विचारलं, घरात माणसं किती. मी म्हटलं, दोन. त्यानं दोन लिहिलं. बरं वाटलं बघून.

३ फेब्रुवारी

आज भाचा येऊन गेला. एकटाच. ताईला प्रवास झेपत नाही अजून, म्हणाला. मी म्हटलं, आता कशाला आणायचीस, काम होऊ दे, धुळीत कुठे बसवू तिला? तो "हो ना, हो ना" म्हणाला आणि पंख्याकडे बघत बसला.

शेजाऱ्याची संमती त्यानंच आणली. मी जाणार नव्हते. पलीकडे राहतो तो गृहस्थ माझ्यासारखाच एकटा आहे, आणि आमची ओळख फक्त भिंतीतून आहे. सकाळी उठला की तो असा खोकतो की माझ्या फळीवरचे डबे थरथरतात. मी त्याला खोकलेबुवा म्हणते. एकदा मी भिंतीवर लाटणं आपटलं होतं. त्यानंतर रस्त्यात दिसला की तो खाली बघतो आणि मी वर.

सहीला भाचा गेला तो अर्ध्या तासानं परतला. एक सही करायला अर्धा तास! म्हटलं, काय, नावातलं एकेक अक्षर सुटं सुटं काढलं का त्यानं? भाचा हसला नुसता. मग म्हणाला, "मावशी, पुढच्या दाराची एक चावी माझ्याकडे राहू दे. मिस्त्री आले-गेले, काही लागलं तर." तू राहतोस दुसऱ्या गावी, तुझ्या खिशातल्या चावीनं मिस्त्री आत कसा येणार? उंटावरून शेळ्या हाकायची हौस. पण दिली. पोरगं इतक्या लांबून आलं होतं.

१० फेब्रुवारी

फोडाफोडी सुरू. मिस्त्री आणि त्याचा भाऊ. दोघंही बोलघेवडे, दोघंही उशिरा येणारे. जुन्या फरश्या निघाल्या, पाइपासाठी भिंतीला भोक पडलं. घरभर धूळ. चहात धूळ, उशीवर धूळ, या डायरीतही धूळ आहे.

आणि मला सांगायला लाज वाटते, पण मजा येते आहे. सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी येणार हे माहीत असतं. "बाई, पाना बघितलात का?" असं कुणीतरी विचारतं. मी ओरडते, ते हसतात. ओरडायला समोर माणूस लागतं हे मी विसरूनच गेले होते.

१५ फेब्रुवारी

ताईशी बोलले. मिस्त्री विचारत होता की धरायची दांडी कुठल्या भिंतीला ठोकायची. मला वाटलं उजव्या. ताईचा उजवा खुबा मोडलेला, उजवीकडेच आधार लागणार. तर ताई म्हणाली, "डाव्या हाताला घे." मी म्हटलं, अगं पाय कुठला मोडलाय तुझा, विसरलीस की काय? म्हणाली, डावीकडेच घे, मला माहीत आहे.

मग सीट. ताई माझ्या खांद्याला लागते, बुटकीच म्हणायची. मी बेतानं कमी उंचीची सीट सांगणार होते. तर बाईसाहेब म्हणाल्या, "उंच घे. उठताना गुडघ्यावर जोर येत नाही." म्हटलं, तुझे पाय लोंबकळतील. म्हणाली, "लोंबकळू देत." आणि हसली. किती दिवसांनी हसली! त्या हसण्यापुढे मी काय वाद घालणार? उद्या सुताराकडून पायाखाली घ्यायला लाकडी पाट करून आणते. तिला सांगणार नाही. बसल्यावर कळेल.

आवाज मात्र जरा वेगळा वाटला. उभ्यानं बोलणाऱ्याचा, बसून बोलणाऱ्याचा आणि आडवं पडून बोलणाऱ्याचा आवाज निरनिराळा येतो. बोर्डावर बसणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ताई हल्ली सगळे फोन आडवं पडून घेते. सुनेनं लाडावून ठेवलं आहे. इथे आली की बघते, सकाळी सातला उठवते की नाही.

२१ फेब्रुवारी

बोळाची भिंत उभी राहिली. स्वयंपाकघर पार आखडलं. टेबल बाहेरच्या खोलीत नेलं, तिथे पलंग यायचा आहे म्हणून तेही खिडकीला चिकटवलं. रद्दी विकली. दुसरी खुर्ची रिकामी केली, पुसली.

आज फोन सुनेनं उचलला. ताई झोपली आहे, म्हणाली. अकरा वाजता?

२८ फेब्रुवारी

नियमसाहेब आले आणि काम नापास करून गेले. दार चुकलं.

चूक माझी नाही, मिस्त्रीचीही नाही. दार बाहेर उघडलं तर बोळातल्या दुसऱ्या दारावर आपटतं. वॉकर घेऊन ताई दोन दारांच्या मधे सापडेल. म्हणून मीच मिस्त्रीला सांगितलं, आत उघडणारं बसव, साहेबांशी मी बोलते. बोलले. तासभर बोलले. भल्याभल्यांना मी ट्रंक कॉलसाठी ताटकळत ठेवलं आहे. पण हा माणूस हलेना.

शेवटी तो म्हणाला, "बाई, आत माणूस पडलं तर ते दारालाच टेकून पडतं. दार आत उघडणारं असेल तर बाहेरच्याला ढकलता येत नाही. माणसाला आणखी लागतं. म्हणून बाहेर. आणि म्हणूनच बाहेरून उघडणारी कडी."

मी म्हटलं, पडतंय कोण इथे? त्यानं माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मी जिन्यावरून खाली येताना त्यानं मला पाहिलं असणार. मला राग आला.

७ मार्च

मिस्त्री येत नाही. दुसरीकडे काम धरलं आहे. मधलं दार सरकतं करायचं ठरलं, म्हणजे आपटणार नाही, पण ते सरकतं दार यायचं आहे.

घर इतकं गप्प आहे की फ्रीज बंद पडला की दचकायला होतं. मी आज एकदाही तोंड उघडलं नाही, हे मला संध्याकाळी दूधवाल्याच्या हाकेला ओ देताना कळलं. आवाज घोगरा निघाला. पूर्वी दिवसभर शेकडो माणसं माझ्या कानाशी बोलायची. "जोडते, थांबा," एवढंच माझं वाक्य. जोडून दिलं की मी बाजूला.

खरं लिहायचं तर मागच्या आठवड्यात एक फरशी वाकडी बसली आहे म्हणून मिस्त्रीला पुन्हा काढायला लावली. ती वाकडी नव्हती. त्याचा आणखी एक दिवस मिळाला.

ताई आली की हे सगळं संपेल. ती बडबडी आहे. कान किटवून सोडेल माझे.

१६ मार्च

पास!

नियमसाहेबांनी पाणी सोडून बघितलं, चेंबर उघडून बघितलं, पंख्यासमोर कागदाचा कपटा धरला, तो उडून गेला. मग कडी. आत जाऊन लावा, म्हणाले. मी आत गेले, दार ओढलं, कडी सरकवली. बाहेर कडीच्या जागी नुसती एक खाच आहे. त्यात त्यांनी नाणं घातलं आणि फिरवलं. खट. दार उघडलं आणि समोर ते उभे.

मी दचकले. कडी लावल्यावर माझ्यासाठी दार उघडणारं कुणी असेल, असा विचारच मी कधी केला नव्हता. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. उजेड आला एकदम.

"पावली, अधेली, कुठलंही चालतं," ते म्हणाले. "बाहेर कुणीतरी असलं म्हणजे झालं." आणि आज चहा घेतला. गुंडी मात्र लावलेलीच.

भाच्याला लगेच कळवलं. म्हटलं, गाडी ठरव. त्यानं आधी इथलं हवापाणी विचारलं, मग म्हणाला, "आईशी बोल एकदा, मावशी." बोलते की. त्यात काय? आधी घर आवरू दे.

२१ मार्च

पलंग आला. खालच्या खोलीत खिडकीशी लावला. चादर निळी, तिला आवडते ती. उशाशी दिवा, दिव्याशी घंटी, रात्री मला हाक मारायला. मी वरून येईन. पाट आणला, छान गुळगुळीत झाला आहे. सगळं जागच्या जागी.

आता नुसतं माणूस यायचं राहिलं.

२३ मार्च

घोळ झाला! वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

आज म्हटलं, ताई येण्याआधी आपण बसून बघावं. कुठे काही टोचतंय, खुपतंय का. आजवर एकदाही मी तो संडास वापरला नव्हता. नवी वस्तू ज्याची त्यानं आधी वापरावी. तर बसले. आणि बघते तर सीट बरोबर माझ्या उंचीची. पाय अलगद टेकले. पाटाची काही गरजच नाही, पाट उलटा पायात येतो. उठताना डावा हात आपोआप दांडीवर गेला. अगदी हाताखाली, जणू शिंप्यानं माप घेतलं असावं. दांडी धरली, गुडघा हूं की चूं न करता उभी राहिले. बेसिनही माझ्या कोपराला बरोबर. ताईला ते हनुवटीशी येईल!

मिस्त्रीनं सगळं माझ्याकडे बघून बसवलं. समोर मीच होते ना दिवसभर! गाढव आहे तो. आणि मीही गाढव, शेजारी उभी राहून बघत होते.

आता पुन्हा बोलवावं लागेल. सीट खाली, बेसिन खाली, दांडी उजवीकडे. ताईला उद्या सांगते, आठ-दहा दिवस उशीर होईल.

२४ मार्च

ताईला सांगितलं. मिस्त्रीनं घोटाळा केला, सगळं माझ्या मापाचं झालं आहे, दुरुस्त करून घेते आणि मग ये.

  आधी नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "नको दुरुस्त करूस, ठमे. बरोबर झालंय ते."

मी म्हटलं, बरोबर कसं? तुझे पाय पोचणार नाहीत.

"माझे पाय कुठेच पोचत नाहीत आता," ती म्हणाली. "मी पलंगावरून उठत नाही गं. शरीराचं दिवाळं निघालंय. इथून मी कुठे येणार?"

मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, नव्या वर्षाच्या आधीपासून.

"मग हे कुणासाठी केलं मी?"

"जिना रोज कोण चढतं? चारनंतर पाणी कोण पीत नाही? तुला सांगितलं असतं की तुझ्यासाठी कर, तर केलं असतंस?"

मी केलं नसतं. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. स्वतःसाठी मी साधी फाटकी पायपुसणी बदलत नाही.

ती आणखी काहीतरी म्हणाली. रोज सकाळी संडासातून बाहेर आलीस की एक रिंग दे आणि ठेव, पूर्वीसारखी, म्हणजे मला कळेल. मी फोन ठेवून दिला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत. सगळ्या नोकरीत मी कुणाची लाइन मधेच तोडली नव्हती.

२५ मार्च

मला फसवलं. दोघांनी मिळून. भाच्यानं आणि तिनं. त्या दिवशी अडीच महिन्यांपूर्वी घुटमळत होता तो याचसाठी. मला ‘हॅलो’वरून कळतं म्हणे! डोंबल कळतं.

खालच्या संडासाला बाहेरून खुर्ची लावून ठेवली आहे. मी वरच जाते.

२८ मार्च

फोडायला लावावं म्हणते सगळं. टेबल परत जागेवर आणावं.

आडवं पडून बोलत होती. मला ऐकू आलं होतं, मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं. लाडावून ठेवलं आहे म्हणे. काय बाई आहे मी!

ती येणार नाही. कधीच नाही. निळी चादर काढून घडी घातली, मग पुन्हा घातली. उघडा पलंग बघवेना.

३१ मार्च

आज जिन्यावर पाय सटकला. काही झालं नाही, कठडा धरला, तो हलला, पण धरला. बसून राहिले पायरीवर. खाली सगळं चकाचक, उजवीकडे बोळ, बोळात संडास, आणि मी हट्टानं वर निघाले होते. मला रडू आलं. ती नाही म्हणून आलं, दुसरं काही नाही. गुडघा वगैरे नाही.

खुर्ची काढली. खालीच गेले.

बाहेर येऊन फोन उचलला, नंबर फिरवला. एक रिंग वाजली, ठेवला. बोलायचं नाही, अजून राग आहे. नुसती रिंग.

६ एप्रिल

रोज एक रिंग. तिकडून काही नाही. तसंच ठरलं आहे.

११ एप्रिल

आज मी मुद्दाम रिंग दिली नाही.

का, ते मला माहीत आहे. सकाळी उठले आणि मनात आलं, ही रिंग पोचते तरी का कुठे? ती आडवी पडलेली, दुसऱ्या गावी. मी इथे आत पडले तर ती काय करणार आहे? कडी बाहेरून उघडते, मान्य, पण बाहेर आहे कोण? नियमसाहेबांनी दोन माणसं लिहून नेली, ती खोटीच ना? तेव्हा म्हटलं, नाही देत जा. बघू कुणाला काय फरक पडतो.

आवरून वर कपाट लावत बसले. खाली फोन वाजला. वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजला. मी हट्टाला पेटले होते, उतरले नाही. मग शांत झालं सगळं. मला वाटलं, झालं, एवढंच.

मग पुढच्या दारात चावी फिरल्याचा आवाज आला.

 चोर असता तर त्यानं चावी कुठून आणली असती? आणि मग खोकला ऐकला. तोच. डबे थरथरवणारा. पण भिंतीतून नव्हे, माझ्या घरातून.

मी जिन्यावर आले आणि कठड्यावरून वाकून बघितलं. खोकलेबुवा बोळात उभे. पायांत दोन निरनिराळ्या चपला, गालाला दाढीचा साबण अर्धा तसाच. मधलं दार सरकवलेलं. ते संडासाच्या बंद दारावर टकटक करत होते. "बाई! बाई, आत आहात का? घाबरू नका हं, मी उघडतोय." आणि खाचेत नाणं घालून जिवाच्या आकांतानं फिरवत होते. आतून कडी लावलेली नव्हतीच. त्यांनी फिरवली आणि बाहेरून लावून टाकली. मग दार हलेना, म्हणून आणखी घाबरले.  नाणं खाली पडलं, ते वाकून शोधायला लागले, आणि शोधता शोधता सारखे म्हणत होते, "आलो, आलो, आहे मी इथे."

माझ्या घरात हे वाक्य कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी जिन्यावरून म्हटलं, "उलटं फिरवा."

त्यांनी वर बघितलं. आधी मला, मग दाराला, मग पुन्हा मला. चेहरा असा झाला की हसावं की रडावं कळेना. जमिनीवरच बसले. म्हणाले, "तुमच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, आज रिंग नाही. आधी हाक मारा, मग नाणं लावा." तिनं त्यांना तसं शिकवून ठेवलं होतं. भाच्यानं सहीच्या दिवशी चावी त्यांच्याकडेच दिली होती. ते नाणंही वेगळं काढून खुंटीला पिशवीत अडकवलेलं असतं, म्हणाले, ऐनवेळी शोधावं लागू नये म्हणून. चावी तर फेब्रुवारीपासून. मी लाटणं आपटलेल्या भिंतीच्या पलीकडे.

 मी म्हटलं, साबण पुसा, डोळ्यात जाईल. टॉवेल दिला. ते दाढी पुरी करायला घरी गेले. जाताना चावी टेबलावर ठेवत होते. मी म्हटलं, ती राहू दे तुमच्याकडे.

मग ताईला फोन लावला. एक रिंग वाजली, पण मी ठेवला नाही. तिनं उचलला. "ठमे?" म्हणाली. आवाज आडवा, बारीक, धाप लागल्यासारखा. माझा राग कुठे गेला देव जाणे. मी म्हटलं, "आहे मी." ती म्हणाली, "मग ठेव. पैसे पडतात." आणि दोघींपैकी कुणीच ठेवेना.

ती यायची नाही. ते काही बदललेलं नाही. पाट कुणाला द्यावा कळत नाही, तो तिच्याच पायांच्या मापाचा आहे. सध्या बेसिनखाली सरकवून ठेवला आहे.

संध्याकाळी माझी उशी आणि पांघरूण वरून खाली आणलं. निळी चादर तशीच ठेवली. आजपासून मी इथेच झोपणार. आणि जेवताना दोन पेले पाणी प्यायले, थंडगार, पोटभर.